पाणी तेच, वस्ती निराळी : वऱ्हाडातील पाणवठे आणि त्यांचे जीवसमुदाय

वऱ्हाड हा काळ्या मातीचा आणि कापसाचा मुलूख म्हणून ओळखला जातो. तळ्यांचा मुलूख म्हणून नव्हे. भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी तलावांची जशी गावोगाव रांग लागलेली दिसते, तशी ती अमरावती-अकोल्याकडे दिसत नाही. तरीपण आपल्या भागात पाण्याचे जितके प्रकार एकमेकांच्या जवळ सापडतात, तितके फार थोड्या ठिकाणी सापडत असतील. पोहऱ्याच्या टेकड्यांलगतचे वडाळी व छत्री हे उथळ तलाव, अकोला-पातूर रस्त्यावरील कापशीचा जुना तलाव, महान येथील काटेपूर्णा आणि सिंभोरा येथील अप्पर वर्धा ही मोठी धरणे, मेळघाटातील सिपना व खापरा या नद्यांचे डोह, पूर्णाकाठचा खारपाणपट्टा, शेताच्या बांधाशी साचणारी पावसाळी डबकी, आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे खारे सरोवर. एवढे सगळे नमुने दोन दिवसांच्या प्रवासात पाहता येतात.

या प्रत्येक ठिकाणी पाणीच आहे. मग एका ठिकाणी कमळ का आणि दुसऱ्या ठिकाणी का नाही? एका तळ्यावर थंडीत शेकडो बदके उतरतात आणि पाच कोसांवरच्या दुसऱ्या तळ्यावर दोन-चार बगळेच का दिसतात? लोणारच्या एवढ्या मोठ्या पाण्यात पिढ्यान्पिढ्या मासे का नव्हते? या प्रश्नांची उत्तरे शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा केवळ परीक्षेपुरता विषय नाही. आपल्या शहरांतील तळ्यांचे काय करावे, यावर नगरपालिकांपासून मंडळांपर्यंत सर्वजण बोलत असतात. त्या चर्चेत सर्व तळ्यांना एकच औषध लावले जाते. ते चुकीचे का, हे समजण्यासाठी आधी तळ्यातली वस्ती समजून घेतली पाहिजे.

अधिवास आणि जीवसमुदाय

एखादा जीव ज्या जागी राहतो, खातो, प्रजनन करतो ती जागा म्हणजे त्याचा अधिवास. एका अधिवासात एकत्र राहणाऱ्या सर्व वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीवांच्या वस्तीला जीवसमुदाय म्हणतात. गावाची वस्ती जशी केवळ माणसांच्या संख्येने कळत नाही, कोण कोणावर अवलंबून आहे हे पाहावे लागते, तसेच येथेही आहे. कमळाचे पान आहे म्हणून कमळपक्षी आहे. पाणवनस्पती आहेत म्हणून त्यांच्या आडोशाने लहान मासे आहेत. लहान मासे आहेत म्हणून खंड्या आहे. एक दुवा निघाला की दुसरा ढिला पडतो.

पाण्यातील समुदाय कसा असेल हे मुख्यतः पाच गोष्टींवर ठरते : पाणी किती खोल आहे, वर्षातून किती दिवस टिकते, वाहते की साचलेले आहे, त्यात क्षार व खतद्रव्ये किती आहेत, आणि त्यात मासे आहेत की नाहीत. ही पाच कलमे लक्षात ठेवली तर वऱ्हाडातील कोणत्याही पाणवठ्याचा स्वभाव ओळखता येतो.

उथळ तळ्याचे वैशिष्ट्य

ज्या तळ्याची सरासरी खोली साधारणतः तीन मीटरच्या आत असते त्याला उथळ तळे म्हणतात. उथळ तळे म्हणजे खोल तळ्याची लहान आवृत्ती, अशी समजूत असते. वस्तुतः दोन्हींचा कारभारच वेगळा आहे.

खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचे पाणी तापते आणि हलके होऊन वरच राहते. खालचे थंड पाणी तळाशी पडून असते. दोन्ही थर एकमेकांत सहसा मिसळत नाहीत. त्यामुळे तळाकडे प्राणवायू कमी होतो आणि तेथे थोडेच जीव टिकतात. थंडीत वरचे पाणी गार होऊन जड झाले की ते खाली बसते आणि पाण्याची घुसळण होते. उथळ तळ्यात मात्र साधा वारासुद्धा पाणी तळापर्यंत ढवळतो. गाळातली खतद्रव्ये पुन्हा पुन्हा वर येतात. पाणी नितळ असेल तर सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो, आणि प्रकाश पोचला की तळाच्या मातीत वनस्पती रुजतात. म्हणजे खोल जलाशयाचा मोठा भाग हे उघडे पाणी असते, तर उथळ तळे जवळजवळ सगळेच काठासारखे असते.

अशा तळ्यात काठाकडून मध्याकडे पाहत गेल्यास वस्तीचे पट्टे दिसतात. अगदी काठाला पाणकणीस व लव्हाळा यांसारख्या, मुळे चिखलात आणि पाती हवेत असलेल्या वनस्पती असतात. जांभळी पाणकोंबडी येथे लपते. त्यानंतर तरंगत्या पानांचा पट्टा येतो. कमळ, कुमुद, शिंगाडा यांचा. कमळपक्षी लांब बोटांच्या आधारे या पानांवरून चालतो. त्यापुढे पूर्णपणे पाण्याखाली राहणाऱ्या वनस्पती, उदाहरणार्थ हायड्रिला व व्हॅलिसनेरिया. वारकरी, ज्याला चांदवाही म्हणतात, तो यांवर चरतो. टिबुकली त्यांच्यामधून बुड्या मारून किडे व लहान मासे टिपते. आणि शेवटी उघडे पाणी, जेथे डोळ्यांना न दिसणारे प्लवक व त्यांवर जगणारे मासे असतात.

पक्ष्यांच्या चोची व पाय यांकडे नीट पाहिले तर हे पट्टे पक्ष्यांच्या शरीरावरच लिहिलेले दिसतात. शेकाट्याचे लांब पाय उथळ पाण्यासाठी, थापट्या बदकाची रुंद चोच पाणी गाळून सूक्ष्म जीव खाण्यासाठी, तर तलवार बदकाची लांब मान पाण्याखालचे बी शोधण्यासाठी. एकाच तळ्यावर इतके पक्षी भांडण न करता राहू शकतात याचे कारण ते एकाच ठिकाणी जेवत नाहीत. पक्ष्यांची मराठी नावे व सवयी जाणून घेऊ इच्छिणाऱ्यांनी वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ अवश्य चाळावा.

नितळ तळे आणि हिरवे तळे

उथळ तळ्यासंबंधी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, तेच तळे दोन निरनिराळ्या अवस्थांत राहू शकते. एक अवस्था नितळ पाण्याची. हीत बुडीत वनस्पतींचे राज्य असते. दुसरी गढूळ, हिरव्या पाण्याची. हीत सूक्ष्म शैवालांचे राज्य असते. नेदरलँड्समधील शास्त्रज्ञ मार्टेन शेफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ही कल्पना स्पष्टपणे मांडली आणि आज जगभर उथळ तळ्यांच्या अभ्यासात ती पायाभूत मानली जाते.

यातील गंमत अशी की दोन्ही अवस्था स्वतःला टिकवून धरतात. बुडीत वनस्पती असल्या की त्या गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात, पाण्यातील खतद्रव्ये शोषून घेतात. त्यांच्या आडोशाला पाणपिसू नावाचा बारीक प्राणी दिवसा लपून राहतो आणि सूक्ष्म शैवाल खाऊन पाणी स्वच्छ ठेवतो. पाणी स्वच्छ म्हणून प्रकाश तळापर्यंत, आणि प्रकाश म्हणून वनस्पती. हे चक्र चालू राहते.

आता या तळ्यात सांडपाणी येऊ लागले, कपड्यांच्या साबणाचे पाणी व निर्माल्य पडू लागले, तर काय होते? प्रथम काहीच दिसत नाही. वनस्पती वाढीव खत पचवत राहतात. एक मर्यादा ओलांडली की मात्र सूक्ष्म शैवाल इतके वाढते की पाणी हिरवे होऊन प्रकाश अडतो. खालच्या वनस्पती मरतात. त्या मेल्या की गाळ मोकळा होतो, पाणपिसवांचा आडोसा जातो, मासे त्यांना खाऊन टाकतात, शैवाल खाणारा कोणी उरत नाही. तळे एक-दोन मोसमांत पालटते. रात्री शैवालासह सर्वच जीव प्राणवायू वापरतात. त्यामुळे पहाटे पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासताना दिसतात. अशा पाण्यात रोहू-कटला टिकत नाहीत. हवेतून श्वास घेऊ शकणारे मरळ आणि मागूर तेवढे तग धरतात. म्हणजे तळे मेलेले नसते. त्याची वस्ती बदललेली असते.

एकदा पालटलेले तळे परत आणणे फार कठीण असते. सांडपाणी थोडे कमी केले म्हणजे तळे पूर्ववत होईल असे नाही, कारण गाळात साठलेले खत वर्षानुवर्षे वर येत राहते आणि हिरवे पाणी स्वतःच वनस्पतींना उगवू देत नाही. उतारावरून घसरलेली बैलगाडी थांबवायला जेवढा जोर लागला असता, त्याच्या कितीतरी पट जोर ती पुन्हा वर चढवायला लागतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून तळे अद्याप नितळ असतानाच त्याची काळजी घेणे स्वस्त पडते.

येथे आपल्या बोलण्यातील एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. पाण्यात जे काही हिरवे दिसेल त्याला आपण सरसकट ‘शेवाळ’ म्हणतो. तळाशी रुजलेल्या हायड्रिलालाही शेवाळ, पाणी हिरवे करणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही शेवाळ, आणि पृष्ठभाग झाकणाऱ्या जलपर्णीलाही अनेकजण त्याच मालेत बसवतात. परंतु पहिली वनस्पती तळ्याची राखणदार आहे, तर उरलेली दोन्ही तळ्याच्या आजाराची लक्षणे आहेत. श्रमदानात उत्साहाने सगळेच उपटून काढले तर पाणी नितळ करणारी वनस्पतीच आपण काढून टाकतो आणि पुढच्या वर्षी तळे हिरवे का झाले याचे आश्चर्य करतो. जलपर्णी अवश्य काढावी. बुडीत वनस्पती मात्र नौकेच्या किंवा घाटाच्या वाटेपुरतीच काढावी.

धरणाचे पाणी

अप्पर वर्धा धरणाचा जलाशय, ज्याला नल-दमयंती सागर असे नाव आहे, आणि काटेपूर्णेचा जलाशय ही मोठी, खोल व मनुष्यनिर्मित पाणी होत. अमरावती व अकोला ही शहरे आज मुख्यतः यांच्यावरच जगतात. काटेपूर्णेच्या भोवतालचे जंगल १९८८ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले.

धरणाच्या पाण्याचा स्वभाव असा की त्याची पातळी स्थिर नसते. पावसाळ्यात ते तुडुंब भरते, उन्हाळ्यात कित्येक मीटर उतरते. काठाला पाणकणीस वा कमळ रुजले तरी काही महिन्यांत ते एकतर खोल बुडते किंवा कोरडे पडते. म्हणून मोठ्या धरणांच्या काठी पट्ट्यापट्ट्यांची वनस्पतिसृष्टी सहसा दिसत नाही. त्याऐवजी दोन निराळ्या गोष्टी मिळतात. एक, विस्तीर्ण उघडे पाणी. येथे सुरय पक्षी घिरट्या घालतात, पाणकावळे बुड्या मारतात, आणि मत्स्यबीज सोडलेले रोहू, कटला, मृगळ वाढतात. भोई, ढिवर व कहार समाजातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ या मासेमारीवर चालतो. दोन, पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा ओला गाळ. या गाळावर शेतकरी गाळपेर करतात; हरभरा, गहू, टरबूज यांसारखी पिके घेतात. याच गाळावर हिवाळ्यात तुतवार, चिखल्या, धोबी हे पक्षी किडे टिपत फिरतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस आणि चक्रवाक काठावरच्या कोवळ्या गवतावर चरतात. ज्याला आपण ‘धरण आटले’ म्हणून वाईट मानतो, तोच काळ या पाहुण्यांच्या जेवणाचा असतो.

मेळघाटातील नद्या व डोह

मेळघाटात सिपना, खापरा, खंडू, गडगा, डोलार या नद्या सातपुड्यातून उतरून तापीला मिळतात. मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याचे महत्त्व या नद्यांसाठीही तितकेच आहे.

वाहत्या पाण्याचा कायदा वेगळा. खळाळत्या जागी पाण्यात प्राणवायू भरपूर, पण टिकून राहायचे तर दगडाला घट्ट धरावे लागते. म्हणून तेथील किड्यांच्या अळ्या चपट्या असतात, किंवा वाळूचे कण चिकटवून केलेल्या बारीक घरट्यात राहतात. दगड उलटून पाहिला की ही वस्ती दिसते. त्याच नदीच्या डोहात गेलो की पाणी संथ, तळाशी पालापाचोळा आणि गाळ. तेथे चतुर व टाचणीच्या अळ्या, गोगलगायी, शिंपले आणि मोठे मासे. एका नदीत वीस पावलांच्या अंतरावर दोन वस्त्या असतात.

उन्हाळ्यात प्रवाह थांबतो आणि नदी म्हणजे डोहांची तुटक माळ उरते. सेमाडोह या गावाच्या नावातच डोह आहे. अशा वेळी नदीतील उरलेले सारे मासे या डोहांत गोळा होतात, आणि वाघापासून सांबरापर्यंत सर्व प्राणीही तेथेच येतात. एका डोहाचे पाणी विषारी झाले किंवा उपसले गेले तर पावसाळ्यात त्या भागातील नदीला पुन्हा बियाणे पुरवणारा कोणी राहत नाही. डोह म्हणजे नदीची बियाण्याची कणगी होय.

चार महिन्यांचे पाणी

मृगाच्या पावसानंतर शेताच्या बांधाला, रेल्वेच्या कडेच्या खड्ड्यांत, मुरुमाच्या खाणींत पाणी साचते. दिवाळीपर्यंत ते आटते. ‘डबके’ हा शब्दच आपण तुच्छतेने वापरतो. परंतु या डबक्यांची वस्ती मोठ्या तळ्यांत मिळत नाही.

कारण साधे आहे : डबक्यात मासे नसतात. ज्यांना मासे खाऊन टाकतील ते सारे जीव येथे निर्धास्त वाढतात. पाठीवर उलटे पोहणारे, कवच नसलेले, बोटाच्या पेराएवढे पारदर्शक झिंगे अशा पाण्यात सापडतात. त्यांची अंडी सुकलेल्या चिखलात उन्हाळाभर, प्रसंगी वर्षानुवर्षे पडून राहतात आणि पाणी मिळताच उबतात. पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन डरांव करणारा मोठा बेडूक अशाच पाण्यात अंडी घालतो. त्याच्या पिल्लांची पाणी आटण्याशी शर्यत असते. फार लवकर आटणाऱ्या पाण्यात बेडूकमासे वाचत नाहीत; बारमाही पाण्यात त्यांना मासे खातात. मधल्या कालावधीचे पाणी त्यांना हवे असते. आपण जेव्हा ‘उपयुक्त करावे’ म्हणून प्रत्येक डबके खोल व बारमाही करतो आणि त्यात मासे सोडतो, तेव्हा हा मधला अधिवास नाहीसा होतो. डासांचे म्हणाल, तर घराजवळचे सांडपाण्याचे डबके आणि माळावरचे पावसाच्या पाण्याचे डबके यांत फरक करावयास हवा. पहिले बुजवलेच पाहिजे.

खारे पाणी : खारपाणपट्टा आणि लोणार

दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा अशा भागांत राहणाऱ्यांना खाऱ्या पाण्याबद्दल काही सांगावयास नको. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात जुन्या गाळाच्या जाड थरांत क्षार साठलेले आहेत. विहिरीला पाणी लागते पण ते पिण्याजोगे नसते. अशा ठिकाणी पावसाचे साठवलेले पाणी गोडे, आणि त्याच गावच्या विहिरीचे पाणी खारे. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने साठ्याचे पाणी कमी होते, पण क्षार मागे राहतात. त्यामुळे चैत्र-वैशाखात त्याच पाण्यात क्षार सोसणारेच जीव उरतात. येथे वस्ती जागेप्रमाणे नव्हे तर महिन्याप्रमाणे बदलते.

क्षाराचे टोकाचे उदाहरण म्हणजे लोणार. अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर तयार झाले. त्यातील पाणी खारे तर आहेच, शिवाय त्याचा सामू १० च्या आसपास असतो. उदासीन पाण्याचा सामू ७ असतो, आणि प्रत्येक अंकाला विम्लता दहापट वाढते. म्हणजे लोणारचे पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे हजारपट विम्ल झाले. पिढ्यान्पिढ्या या सरोवरात मासे नव्हते, कमळ नव्हते, हायड्रिला नव्हती. परंतु स्पायरुलिनासारखी नीलहरित शैवाले तेथे एवढी वाढतात की पाणी हिरवे दिसते. विवराच्या उतारावर मात्र गोड्या पाण्याची धार आहे आणि तिच्या आसपास दाट झाडी आहे. तेथून सरोवराच्या काठापर्यंत उतरताना थोड्याच अंतरात गोड्या पाण्याची वस्ती संपून खाऱ्याची सुरू होते.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले आणि देशभर चर्चा झाली. पाणी घटून क्षार वाढले तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची संख्या वाढली, आणि त्यांच्यातील रंगद्रव्यामुळे पाण्याला तो रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. पाऊस पडून क्षार विरळ होताच रंग ओसरला. काही आठवड्यांत एका समुदायाने मागे हटून दुसऱ्याला जागा दिली, याचे इतके डोळ्यांना दिसणारे उदाहरण क्वचितच मिळेल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले.

जमिनीवरही तोच नियम

हा नियम पाण्यापुरता नाही. मेळघाटातील सागाच्या विरळ जंगलात रानपिंगळा राहतो. हा पक्षी १८८४ नंतर कोणाला सापडला नव्हता आणि नामशेष झाला असे समजले जात होते. १९९७ साली तो शहाद्याजवळ पुन्हा आढळला व पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली. काळवीट मात्र जंगलात राहत नाही; त्याला उघडे गवताळ माळ लागतात. म्हणूनच वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ येथे त्याच्यासाठी निराळे अभयारण्य आहे. माळरान ‘ओसाड’ आहे म्हणून तेथे दाट झाडे लावली, तर आपण काळविटाचे घर मोडून पिंगळ्याचेही बांधत नाही.

मोजावयाचे कसे?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कोणता पाणवठा श्रेष्ठ, हे ठरवताना आपण एकाच ठिकाणच्या जातींची संख्या मोजतो. या हिशेबाने लोणार सर्वांत गरीब आणि कमळाचे तळे सर्वांत श्रीमंत ठरेल. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६० साली दाखवून दिले की विविधतेचे दोन भाग असतात : एक, एका जागेतील विविधता, आणि दुसरी, जागाजागांमधील फरकाची विविधता. संपूर्ण प्रदेशाची श्रीमंती या दोहोंवर अवलंबून असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्यात तीन तळी आहेत. प्रत्येकात ४० जाती आहेत, पण त्यांतील ३५ तिन्हींत सारख्या आहेत. प्रत्येक तळ्याच्या स्वतःच्या जाती फक्त ५. म्हणजे तालुक्यात एकूण ३५ अधिक १५, अशा ५० जाती झाल्या. दुसऱ्या तालुक्यात एक कमळाचे तळे आहे, त्यात ४० जाती. एक पावसाळी डबके, त्यात २५. आणि एक खारे तळे, त्यात केवळ ६. पहिल्या दोहोंत समान जाती फक्त ५, खाऱ्या तळ्याशी समान एकही नाही. बेरीज ७१ वजा ५, म्हणजे ६६. सुटे सुटे पाहिले तर दुसऱ्या तालुक्यातील पाणवठे कमी भरतात, पण एकत्र पाहिले तर तोच तालुका श्रीमंत आहे.

वऱ्हाडाची श्रीमंती या दुसऱ्या प्रकारची आहे, आणि नेमका हाच फरक आज पुसला जात आहे. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया मासा आता बहुतेक तळ्यांत पोचला आहे. २००० साली बंदी घातलेला आफ्रिकन मागूर चोरून वाढवला जातो. जलपर्णी सर्वत्र तीच, सांडपाणी सर्वत्र तेच, आणि सुशोभीकरणाच्या नावाखाली काठाला उभी सिमेंटची भिंतही तीच. भिंत झाली की काठाचा उतार जातो, उतार गेला की पाणकणसाचा आणि चिखलाचा पट्टा जातो, आणि त्याबरोबर शेकाट्या, तुतवार, पाणकोंबडी जातात. तळे रेखीव दिसते. वस्ती मात्र दहा ठिकाणी एकसारखी होते.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, उपाय पाणवठ्याचा स्वभाव पाहून करावा. लोणारसारख्या खाऱ्या सरोवरात गोडे सांडपाणी जाणे हे त्याचे क्षार विरळ करणे आहे, म्हणजे त्याच्या वस्तीवर घाला घालणे आहे. मोठ्या धरणात मत्स्यबीज सोडणे योग्य आहे आणि मासेमारांच्या पोटाचा प्रश्नही त्यात आहे. माळावरच्या पावसाळी डबक्यात ते सोडणे योग्य नाही. शहरातील उथळ तळ्यात पहिले काम सांडपाणी बाहेर वळवण्याचे; कारंजे व रोषणाई नंतर.

दुसरी गोष्ट गाळाची. राज्य शासनाच्या २०१७ मधील ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेमुळे गाळ शेतात नेण्याची पद्धत गावोगाव पोचली, आणि ती शेतीला उपकारक आहे. परंतु गाळाच्या वरच्या थरात पाणवनस्पतींचे बी आणि सूक्ष्म प्राण्यांची अंडी असतात. लहान तळ्यातील सर्व गाळ एकाच उन्हाळ्यात खरवडून नेण्याऐवजी एका बाजूचा पट्टा दरवेळी राखून ठेवावा, म्हणजे पुढील पावसात वस्ती पुन्हा उभी राहील.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांच्या हातची आहे. इटलीतील आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली पाण्याचा नितळपणा मोजण्याची एक सोपी पद्धत काढली. वीस सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची गोल तबकडी घ्यावी, तिचे चार भाग करून आलटून पालटून काळा व पांढरा रंग द्यावा, मध्यभागी छिद्र पाडून वजन व दोरी बांधावी. दोरीवर दर दहा सेंटिमीटरला खूण करावी. शिक्षक वा मोठ्या माणसासोबत तळ्याच्या सुरक्षित घाटावरून तबकडी पाण्यात सोडावी आणि ती ज्या खोलीवर दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवावी. दर महिन्याला, त्याच जागी, त्याच वेळी. त्याच वहीत पाण्याची पातळी, दिसलेल्या वनस्पती व पक्षी, आणि मासेमारांना कोणते मासे मिळाले हेही लिहावे. पिढ्यान्पिढ्या त्या पाण्यावर जगलेल्या मासेमाराला तळ्याची जेवढी माहिती असते, तेवढी पुस्तकात नसते.

अशी वही तीन-चार वर्षांची झाली की ती केवळ शाळेचा प्रकल्प राहत नाही. तबकडी दिसेनाशी होण्याची खोली वर्षागणिक कमी होत असेल, तर तळे पालटण्याच्या मार्गावर आहे हे मासे मरण्याच्या आधीच कळते, आणि त्या आकड्यांच्या आधारे नगरपालिकेकडे वेळेवर अर्ज करता येतो. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सार्वजनिक तळ्यावर सर्वांचा हक्क असल्याचे जगाला दाखवून दिले. जे तळे सर्वांचे आहे, त्याची नोंद ठेवण्याचा आणि त्याविषयी जाब विचारण्याचा अधिकारही सर्वांचा आहे. वडाळी असो, कापशी असो की गावाबाहेरचे बिननावाचे डबके, आपल्या घरापासून सर्वांत जवळचा पाणवठा निवडावा आणि येत्या पावसाळ्यापासून वहीचे पहिले पान सुरू करावे.